अप्पांचा व्हिडिओ

आजारी धोंडप्पांनी घरच्या कॉम्प्युटरसमोर एकट्यानं बसून एक व्हिडिओ केला होता. ते गेले, आणि कुणी तो पाहण्याआधीच व्हायरसनं सगळ्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. "त्यांचा आवाज एकदा ऐकव रे," म्हणून शांतादेवी लेकाच्या, बसवेशच्या मागं लागल्या. तो घाटनांदूरहून लातूरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात खेटे घालत राहिला, अन् तिथं एकदाची फाईल उघडली.

हेडफोनमध्ये अप्पा सांगत होते, "बसवेश, रुद्राणीनं जातीबाहेर लगीन केलं म्हणून तू बहिणीला घराबाहेर काढलंस. म्या गप बसलो, ते चुकलं. तुझी आई तिच्यासाठी लई झुरती. लेकीला घरी आण."

घरी शांतादेवी दारातच उभ्या होत्या.



"न्हाई उघडली फाईल, आई."