सगळ्यात सुरक्षित जागा

सॉसेजची गाडी फादर गोरांनी स्वतः ढकलत उजवीकडे नेली. मग डावीकडची वाहनं हलवली. दिवस भरलेल्या एका बाईला तर दोघांनी खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवलं. चर्चच्या शाळेच्या मैदानाची डावी बाजू अशी रिकामी झाली, जणू तिकडून पूरच येणार होता.

"चेट, मनाला लावून घेऊ नकोस हं," फादर म्हणाले. "आपली खबरदारी."

चेट वोयनारने मान डोलावली. मनाला लावून न घेण्याचा त्याचा बत्तीस वर्षांचा सराव होता. बत्तीस वर्षांपूर्वी सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, चार सेकंद उरलेले असताना, गावाच्या स्टीमर्स संघासाठी त्याने सत्तावीस यार्डांवरून किक मारली होती. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला असता तर अजिंक्यपद गावाचं होतं. तो डावीकडून गेला. तेव्हापासून त्याच्या बेकरीतलं प्रत्येक गिऱ्हाईक पाव मागताना म्हणायचं, "तो नको रे चेट, जरा उजवीकडचा."

आज स्टीमर्स पुन्हा अंतिम सामन्यात पोचले होते. संध्याकाळी साडेसहाला सामना सुरू व्हायचा होता आणि त्याआधी चेटने तेवढ्याच अंतरावरून पुन्हा एकदा किक मारायची, म्हणजे अपशकुन उतरेल, ही फादरांची आयडिया. एकसष्टाव्या वर्षी चेट हो म्हणाला, तेव्हा लोकांना वाटलं, भला माणूस आहे, गावाची करमणूक करतोय. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापासून रोज पहाटे बेकरीमागे पिठाच्या पोत्यांचे खांब करून तो काय करतो, ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं.

मैदानाच्या टोकाला, खांबांच्या बरोब्बर मागे, हवा भरून उभा केलेला दुमजली पडदा होता. भाड्याने आणलेला. अख्खं गाव त्यावर सामना बघणार होतं.

"सगळं हलवलंत, मग हा का नाही हलवला?" चेटच्या बायकोने, आयरीनने विचारलं.

उत्तर गस तोम्चाकने दिलं. गस शाळेच्या सामन्यांचा निवृत्त पंच. मुलीच्या लग्नात जावई वेळेआधी पुढे सरकला म्हणून याने शिट्टी मारून त्याला मागे पाठवला होता. आजही कोटावर पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चढवून आला होता.

"आयरीन, चेंडू जाणारच नाही अशी या मैदानात एकच जागा आहे," गस म्हणाला. "तिथेच ठेवलाय तो."

लोक खो खो हसले. चेटही हसला, पण जरा उशिराच.

गस खांबांखाली जाऊन उभा राहिला. तेवढ्यात पडद्यावर दरवर्षीचं ते सुरू झालं, अंतिम सामन्यांतले अविस्मरणीय क्षण. चेट तिसऱ्या नंबरवर. दोन मजले उंच, सडसडीत, डोक्यावर भरपूर केस.

"अरे, बंद करा ते!" फादर ओरडले. रिमोट त्यांच्याच कोटाच्या खिशात होता. कोट त्या दिवस भरलेल्या बाईच्या अंगावर होता, आणि बाईला नेमकी झोप लागली होती.

आयरीन बर्फावर पिठाचं पोतं टाकून गुडघ्यावर बसली. चेंडू उभा करून एका बोटाने धरला.

"गुडघा दुखतोय का?" चेटने विचारलं.

"माझा की तुझा?"

"तुझा गं."

"माझं राहू दे. तू वर बघू नकोस."

"वर मीच आहे."

"तो तू नाहीस. त्याला केस आहेत. माझ्या नवऱ्याला टक्कल आहे. मार आता."

पडद्यावरचा चेट धावला, खालचाही धावला. वरच्याने मारलेला चेंडू गेला डावीकडे. खालच्याने मारलेला हळूहळू वर चढला, दोन खांबांच्या मधून सरळ पलीकडे गेला आणि तरुण चेटच्या पोटात घुसला.

फर्रर्र.

पडद्याने लांब सुस्कारा सोडला. दरवर्षी ताठ उभा राहणारा तो केसाळ चेट कमरेत वाकला, गुडघ्यांवर आला आणि बर्फावर हळूच आडवा झाला. स्पीकरमधला समालोचक मात्र जीव तोडून ओरडत राहिला, "डावीकडे! अरेरे, डावीकडे!"

चेट अजून खालीच बघत होता. बायकोने सांगितलं होतं ना.

"कुठे गेला?" त्याने विचारलं.

आयरीनने तोंडावर हात दाबून धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते.

चारशे माणसं त्या पडलेल्या कापडाकडे बघत होती. सॉसेज करपल्याचा वास आला, पण कोणी जागचं हललं नाही. शेवटी फादरांनाच कंठ फुटला.

"अरे देवा! आता सामना कुठे बघायचा?"

गसने कधी घाईत निकाल दिला नव्हता. त्याने आधी उजवा खांब बघितला, मग डावा. फाटलेलं भोक बघितलं. सत्तावीस यार्डांवर मान खाली घालून उभा असलेला टकला माणूस बघितला. मग शिट्टी फुंकली आणि गुण मान्य झाल्यावर पंच करतो तसे दोन्ही हात सरळ वर केले.

"कसला सामना, फादर?" हात खाली न घेता तो म्हणाला. "सामना आत्ता संपला."