सातवं प्रकरण

"हे प्रकरण असं छापता येणार नाही, सिस्टर," संपादक म्हणाले आणि हस्तलिखितातली ती पानं त्यांनी टेबलाच्या कडेला काढून ठेवली.

सिस्टरनी ती उचलली आणि परत सहाव्या आणि आठव्या प्रकरणाच्या मध्ये सारली.

सारी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढलेल्या या बाईंनी निवृत्तीनंतर हे पुस्तक लिहिलं होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी. एखादं पान वाचावं, डोळे मिटून प्रार्थना करावी, पुन्हा आजाऱ्याकडे बघावं, असं. ख्रिस्ती पुस्तकं काढणाऱ्या त्या लहानशा संस्थेला ते मनापासून हवं होतं. घोडं अडलं होतं ते सातव्या प्रकरणापाशी.

"लेकीच्या आजाराबद्दल लिहिलंत, योग्यच केलंत," संपादक समजुतीच्या सुरात म्हणाले. "सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली, तरी ती गेली, हेही ठीक. पण पुढे तुम्ही वर्षभर चर्चमध्ये गीताच्या वेळी तोंड मिटून उभ्या राहिलात, आणि तिथेच प्रकरण संपतं. वाचकाला विहिरीत सोडून तुम्ही दोर काढून घेता. शेवटी एक परिच्छेद घाला. मग देवानं शांती दिली, एवढंच."

"तेव्हा दिली नव्हती."

"नंतर दिली ना?"

"नंतरचं नवव्या प्रकरणात आहे. उशाशी बसलेल्या माणसाला खोटं धीराचं बोलणं लगेच ओळखू येतं हो. मी रोज बघत आलेय. डॉक्टर बोलून खोलीबाहेर पडला की ही माणसं आमच्याकडे वळून विचारायची, सिस्टर, खरं सांगा. त्यांच्यासाठीच लिहिलंय हे."

"समिती हे मान्य करणार नाही."

"मग राहू द्या." सिस्टरनी पानांच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. "दुसरीकडे बघीन. कुणीच नाही काढलं तर हातानं नकला करून वॉर्डात वाटीन."

संपादकांनी घाईघाईनं सिस्टरच्या नवऱ्याकडे मोर्चा वळवला. खोलीत जागा नव्हती म्हणून तो पुस्तकांच्या एका गठ्ठ्यावर बसला होता. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात त्याचा जन्म गेला होता. हळू बोलणं त्याला जमत नसे. म्हणून आज तो गप्पच होता.

"काका, तुम्ही तरी सांगा यांना."

"काय सांगू? मला सातवं प्रकरण दिलंच नाही हिनं. बाकी सगळी वाचून घेतली माझ्याकडून."

संपादक चपापले. हात नकळत पानांकडे गेला आणि थबकला.

"वाचा," सिस्टर म्हणाल्या. त्यांचं लक्ष खिडकीकडे होतं. "छापल्यावर वाचणारच आहेत ते."

संपादकांनी खालच्या आवाजात वाचलं. "'माझ्या शेजारी उभा असलेला माणूस तेवढ्याच खणखणीत आवाजात गात होता. खरं तर आधीपेक्षाही मोठ्यानं. त्याचं काही गेलंच नाही, असं मला वाटायचं. देवाइतकाच मला त्याचाही राग यायचा.'"

संपादकांनी पानं खाली ठेवली.

"अगं," नवरा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खोलीच्या मापाचा निघाला, "तुझं तोंड मिटलेलं मला दिसत नव्हतं होय? पुढच्या बाकावरच्या बायका मागे वळून बघायला लागल्या होत्या. उगाच कुणी तुला काही विचारू नये, म्हणून मी दोघांचं गायचो."

सिस्टरनी खिडकीवरची नजर काढली.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलणार? घसा दाटून यायचा. दाटला की आवाज अजून वर चढवायचो. मोठ्यानं गाताना कुणाला काही कळत नाही."

संपादक पेन्सिल उगाच बोटांत फिरवत राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"सिस्टर, एवढं लिहाल? तुमच्या शांतीबद्दल नका लिहू. यांनी आत्ता सांगितलं, ते लिहा."

"लिहीन. पण वरचं एक अक्षर काढणार नाही."

"माझा राग यायचा, तेसुद्धा?" नवऱ्यानं विचारलं.

"तेसुद्धा."

"राहू दे. येतच होता तो."

"समितीत मी स्वतः वाचून दाखवतो," संपादक म्हणाले. "नको म्हणाले, तर पुढच्या बैठकीत परत वाचीन. त्यांच्याही घरी माणसं आहेत."

त्यांनी आपली खुर्ची रिकामी करून दिली. सिस्टर टेबलाशी बसल्या, चष्मा लावला आणि सातव्या प्रकरणाच्या शेवटच्या ओळीखाली लिहायला लागल्या. नवरा गठ्ठ्यावरून उठून त्यांच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. थोडा वेळ तो मुकाट्यानं वाचत होता. मग त्याला राहवलं नाही.

"आता हे 'बेसूर' कशाला?"

"गात होतात म्हणून," त्या म्हणाल्या. दुसऱ्या हातानं डोळे पुसले, पण पेन थांबलं नाही.