बेटावरचे लाटसाहेब

चहाचा ट्रे घेऊन निघालेली भिमाबाई ग्रामपंचायतीच्या ओट्यावर थबकली. तिचा पोरगा प्रसेनजित तिथं परीक्षेसाठी कुठल्याशा इवल्याशा बेटावरच्या इंग्रज गव्हर्नरांची नावं घोकत बसला होता.

"किती झाले रे?"

"अठ्ठावीस. सगळे बाहेरचे."

"बेटावरचा एकबी नाई? काऊन?"

"साहेबाले वाटे, या लोकायले कारभार जमत नाई."

"मंग बेटावरचे काय करेत?"

"सही म्हणलं का सही, चहा म्हणलं का चहा."

"लयच बावळट होते बाप्पा!" भिमाबाई खळखळून हसली. प्रसेनजित हसला नाही.

"चहा आण वं लवकर!" आतून उपसरपंच निवृत्तीभाऊ खेकसले. ती लगबगीनं आत गेली. निवृत्तीभाऊ खुर्चीत पाय पसरून बसले होते. त्यांच्या पुढ्यात टेबलावर पाटी होती: 'सरपंच, सौ. भिमाबाई कचरू हिवाळे'.