काचेवरची झाकणं

विनयाने औषधांचं खोकं गाडीत सरकवलं आणि त्याचा कोपरा लागून मागची काच तापवणारी वायर तिसऱ्यांदा टोकापासून तुटली. ती जनावरांची डॉक्टर, रोज धुक्यातून आंबेनळी घाट चढायची. काच धुरकट राहिली तर मागचा ट्रक दिसायचा नाही.

रविवारी तिच्या वडिलांनी, एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या अण्णांनी, तुटल्या जागी डाख दिला. पण काचेच्या दोन्ही कडांना वायरीचे जोड उघडेच होते. खोकं पुन्हा लागू नये म्हणून त्यांच्यावर बसवायला काही सापडेना. बाटलीचं बूच मोठं, पेनाचं टोपण अरुंद.

अण्णा दमून पायरीवर टेकले. सवयीने खिशातली प्लॅस्टिकची डबी काढली. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, दोन्हीकडे छोटं झाकण. तंबाखू मळायची राहूनच गेली.

सोमवारी खोकं ठेवताना विनयाला काचेवर घट्ट चिकटवलेली ती झाकणं दिसली. ज्या डबीवरून ती दहा वर्षं भांडत होती, तिचीच.

"नवी डबी घेतलीत?" तिने विचारलं.

"घेतली की, कालच," अण्णा म्हणाले. "तिचीही झाकणं काढून तुझ्या गाडीत ठेवलीत. एखादं फुटलं तर असू देत."