वानऱ्याची भाकर

"शेषेरावाला लाज न्हाई. पोळा उद्यावर आला अन् माझ्या गोठ्यात जन्मलेल्या वानऱ्याला मला हात लावू देत न्हाई," लक्ष्मीबाई ओट्यावरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली. "आज खांदमळणी. खांद्याला लोणी-हळद लावून आवतण मीच देणार. बोलवा त्याला."

सून सुकन्या पदराला हात पुसत उभी राहिली. गल्लीतल्या शेषेरावाचा हा बैल संक्रांतीच्या आगेमागेच मेला होता.

तेव्हा शेषेरावानं आतून कडी लावून घेतली होती. बायको आधीच गेलेली, पोरगा हैदराबादेत. गल्लीनं दार बडवून पाहिलं, उघडलं नाही. मग सुकन्या खिडकीशी आली. "भाऊजी, आत्याबाई वानऱ्याची भाकर घेऊन बसल्यात. डोळ्यानं दिसत न्हाई, काळीज बी अधू. बैल मेला म्हणून कसं सांगू त्यांना?"

शेषेराव उठला. वानऱ्याची घंटा घेतली, ओट्यापुढं जाऊन हलवली. म्हातारीनं भाकर पुढं केली. त्यानं घेतली.

मग ते रोजचंच झालं. सांजच्याला शेषेराव घंटा वाजवायचा. शेजारचा भीमाशंकर हंबरायचा. पहिल्या दिवशी म्हशीगत हंबरला. म्हातारी म्हणाली, "वानऱ्याला सर्दी झाली जणू." पुढं तो सुधारला. पोरं कुठून तरी पाटीभर शेण आणून ओट्यासमोर टाकायची. म्हातारीनं हात पुढं केला की शेषेराव म्हणायचा, "मारका झालाय, काकू. लांबच बरा."

भाकर तो घरी नेऊन खायचा. वाया कशाला घालायची. आधी कोरडी यायची, मग पिठलं येऊ लागलं. त्याला पित्ताचा त्रास झाला त्या आठवड्यात नेमकं दही आलं. सुकन्या कपाळाला हात लावायची. "आत्याबाईचं डोकं सरकलंय. बैलाला कुणी दही देतं व्हय?"

आज मात्र लांबून भागणार नव्हतं.

"कुणाचा तरी बैल आणू," भीमाशंकर म्हणाला.

"गल्लीत सगळे ट्रॅक्टर. त्याला लोणी लावती का ती?" शेषेराव म्हणाला. "खरं सांगून टाकतो."

म्हातारीला काही होईल ही भीती होतीच. दुसरी त्यानं कुणाला बोलून दाखवली नाही. उद्यापासून सांजच्याला जायचं कुठं?

ओट्यावर वाटीत लोणी-हळद होती, शेजारी पळसाचं पान. गल्ली दारादारांत उभी होती. शेषेरावानं घंटा वाजवली नाही.

"काकू, वानऱ्या..."

"जवळ ये."

"आधी ऐका तरी, काकू."

मागून भीमाशंकर घाबरून हंबरला.

"तू गप रे, भीमाशंकर," लक्ष्मीबाई म्हणाली.

तिनं चाचपत शेषेरावाचा सदरा धरला, त्याला खाली वाकवलं. पळसाचं पान लोण्यात बुडवून त्याच्या खांद्यावरून सावकाश फिरवलं. एका खांद्यावरून, मग दुसऱ्या.

"आज आवतण घे, उद्या जेवायला ये," ती म्हणाली. "अन् ती घंटा घरी ठेवून ये, मेल्या. पिठलं काय बैल खातो व्हय?"