पहिले दोन सेकंद

"थांबा, कुणी चावी मारू नका!" मी ओरडतच गॅरेजात शिरले.

चार लाख किलोमीटर पळालेली ती जीप मी कालपासून उभी ठेवली होती. माझ्या वडिलांसकट तिघा मिस्त्रींनी तिला ठणठणीत ठरवलं होतं. पण जीपचे मालक ती चालवतच आणायचे, म्हणजे तपासताना इंजिन तापलेलंच असायचं. मला हवा तो आवाज गार इंजिनच करतं.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली. "मारा आता!"

खडखडखड! दोन सेकंद, मग खडखड बंद; इंजिन मात्र चालूच.

"आतली टायमिंग चेन सैल झालीय! तेलाचा दाब येईपर्यंतच ती वाजते. घाटात तुटली असती, तर इंजिनच गेलं असतं!"

दुपारी वडिलांनी इंजिनाचं झाकण उघडलं. चेन खरंच लोंबत होती.

"मिस्त्री, आता?" मालकांनी त्यांना विचारलं.

वडील हसले. "मला काय विचारता? मिस्त्री ती उभी!"