थ्री-पिन

वसुंधराने पक्कड खाली ठेवली आणि रेडिओच्या वायरला लावलेली नवी थ्री-पिन सासऱ्यांना दाखवली. "बाबा, ही एकाच बाजूने बसते. उलटी लावीन म्हटलं तरी लागणार नाही."

शंकररावांचा वाल्व्हचा रेडिओ मोठा नखरेल. जुनी टू-पिन उलटी लागली की त्याच्या पत्र्यात करंट उतरायचा आणि आवाजाच्या बटणाची टोपी कधीच हरवलेली असल्याने तो उघड्या दांडीतून थेट बोटात यायचा. मागच्या वर्षी तिच्या नवऱ्याने, जयेशने, घाईत पिन उलटी खुपसली आणि त्याचे वडील खुर्चीसकट मागे पडले. तेव्हापासून राजेंद्र नगरच्या या घरात कायदाच झाला. बाबांचा रेडिओ रोज सकाळी वसूच लावणार! त्या कायद्यापायी तिने ऑफिसचं भोपाळचं ट्रेनिंग सोडलं होतं, त्याबरोबर प्रमोशनही गेलं. यंदा पुन्हा नाव आलं होतं आणि होकार आजच कळवायचा होता.

म्हणून तिने स्वतः सियागंजच्या बाजारातून पिन आणली. सॉकेटच्या कुठल्या भोकात फेज आहे ते टेस्टरने पाहिलं, त्याप्रमाणे दोन तारा जोडल्या, वरची पिन रिकामी ठेवली.

आता तिने रेडिओ लावला. वाल्व्ह तापेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता. मग खरखर झाली आणि भजन सुरू झालं. जयेशने दांडीला टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही.

"क्या बात है वसू! अब तो कोई भी लावू शकतो."

"मग मी भोपाळला हो कळवते," ती म्हणाली. किती दिवसांनी तिला इतकं हलकं वाटत होतं.

जयेश टेस्टर खिशाला अडकवता अडकवता थांबला. "ते तर ठीक आहे गं. पण सुबह सुबह बाबांना इन्सुलिन कोण देणार? माझा तर हात कापतो."

दुपारचं इन्सुलिन, ती ऑफिसात असताना, शंकरराव स्वतःच टोचून घ्यायचे. हे तिघांनाही ठाऊक होतं. वसुंधरा सासऱ्यांकडे पाहत राहिली. त्यांनी नुसतं 'मी घेईन' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

शंकररावांनी न बिचकता हात पुढे केला आणि रेडिओचा आवाज वाढवला.